मास्तर कुठून आणायचे?

फेब्रुवारी २०२४चा शेवटचा आठवडा आठवतोय? तुम्ही डी.एड. किंवा बी.एड. केलं असेल, किंवा घरात कुणी केलं असेल, तर नक्की आठवत असेल. पवित्र पोर्टलवर शिफारशीची यादी लागली होती. एकवीस हजारांहून अधिक जागांची जाहिरात होती, पहिल्या यादीत अकरा हजारांच्या आसपास नावं आली. कुणी एस.टी.त बसून फोनवर लॉगिन करत होतं, कुणी खाजगी क्लासच्या मधल्या सुट्टीत, कुणी शेतात रेंज शोधत. नाव आलं त्यांच्या घरी पेढे वाटले गेले. नाव आलं नाही त्यांनी फोन उलटा करून ठेवला.

या यादीच्या मागे किती वर्षं उभी होती, ते जरा मोजून बघू. समजा एखाद्या मुलीनं २०११ साली, विसाव्या वर्षी, डी.एड. पूर्ण केलं. २०१०ची शिक्षणसेवक भरतीची सी.ई.टी. तिच्या आधीच होऊन गेली होती. मे २०१२मध्ये राज्यात शिक्षकभरती थांबवली गेली. २०१३च्या डिसेंबरात पहिली टी.ई.टी. झाली, ती तिनं दिली. मग डिसेंबर २०१७मध्ये अभियोग्यता चाचणी आली, तिची यादी लागायला २०१९चा ऑगस्ट उजाडला. पुढची चाचणी थेट २०२३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. तिची यादी २०२४मध्ये. म्हणजे विशीत हातात आलेल्या पदविकेला नोकरीचं दार दिसेपर्यंत ती तेहतीस वर्षांची झालेली. या सगळ्या वर्षांत गावोगावच्या शाळा काही बंद नव्हत्या. तिथं दोन शिक्षकांवर चार वर्ग चालले होते.

एकीकडे शिकवायला तयार असलेली, शिकून बसलेली माणसं. दुसरीकडे मास्तरांची वाट बघणारे वर्ग. या दोघांची गाठ का पडत नाही?

हा प्रश्न पोर्टलमुळे जन्माला आला असं आपल्याला वाटतं. तसं नाही. महाराष्ट्रात आधुनिक शाळा सुरू झाली त्या दिवसापासून तो आपल्या सोबत आहे. दर पिढीनं त्याला आपापलं उत्तर दिलं. त्यातली काही उत्तरं विसरण्याजोगी नाहीत.

शाळा होती, मास्तर मिळेना

इंग्रजी अंमलाच्या आधी गावात पंतोजी असायचा. त्याची भरती कुणी करत नसे. तो कुणाच्या तरी पडवीत किंवा देवळात मुलं जमवायचा, धूळपाटीवर अक्षरं गिरवून घ्यायचा, पाढे, पावकी, निमकी घोकून घ्यायचा. मोबदला म्हणून घरोघरचं धान्य, सणाला काही पैसे. मुलं कोणती यायची, तर ज्यांच्या घरी लिहिण्या-वाचण्याचा उपयोग होता त्यांची. बाकीच्यांना पंतोजीची गरज नाही, असं पंतोजीसकट सगळ्यांनी धरूनच चाललेलं.

१८४८मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. आपण ही गोष्ट ऐकताना शेणगोळे आठवतो, धैर्य आठवतो. पण जोतीरावांसमोरची अगदी रोजची, व्यवहारातली अडचण काय होती? शिकवणार कोण? शूद्र-अतिशूद्रांच्या आणि मुलींच्या वर्गात उभी राहील अशी शिकलेली व्यक्ती पुण्यात मिळणं मुश्किल. बाई तर नाहीच. जाहिरात देऊन मिळेल असा हा उमेदवार नव्हता.

मग त्यांनी शिक्षिका घडवली. लग्न होऊन आली तेव्हा निरक्षर असलेल्या आपल्या बायकोला त्यांनी घरी शिकवलं. मग सावित्रीबाईंनी मिशनरी बायकांच्या संस्थेत अध्यापनाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. फातिमा शेख त्यांच्या सोबतीला आल्या. हे प्रशिक्षण नजरेआड करू नका. सावित्रीबाईंचं मोठेपण आपण त्यागात शोधतो, आणि तो होताच. त्या वेतनही घेत नव्हत्या. पण त्या शिकवण्याचं काम शिकून घेतलेल्या शिक्षिका होत्या. पुढं त्यांनी शाळा चालवल्या, म्हणजे आजच्या भाषेत मुख्याध्यापिकेचं काम केलं, तेव्हा त्यांच्या वयाची विशी नुकती उलटली होती.

फुल्यांचं पहिलं उत्तर असं होतं: मास्तर मिळत नसेल तर जिथं तो हवा आहे तिथल्याच माणसातून तो तयार करा.

बारा रुपयांचा हिशेब

चौतीस वर्षांनी, १८८२ साली, हंटर आयोगासमोर जोतीरावांनी लेखी निवेदन दिलं. शालेय पुस्तकात त्याचा उल्लेख ‘सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी’ एवढ्या एका ओळीत उरकतात. खरं तर त्या निवेदनातला शिक्षकांविषयीचा भाग आजच्या भरतीच्या चर्चेपेक्षाही जास्त नेमका आहे.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. शेतकऱ्याकडून जमिनीच्या साऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड गोळा होतो, त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखलेला आहे. पण शेतकऱ्याच्या मुलाला त्याचा लाभ मिळत नाही. प्राथमिक शाळेतले मास्तर अपुऱ्या पगारावर नेमलेले असतात आणि त्यातले बहुतेक एकाच वर्गातून येतात. म्हणून शिक्षक प्रशिक्षित असावेत. शक्यतो ते शेतकरी वर्गातून निवडावेत, वेळ पडली तर नांगर किंवा सुताराचं अवजार हातात घ्यायची ज्यांना लाज वाटणार नाही आणि जे गावातल्या खालच्या थरात मोकळेपणानं मिसळतील असे. आणि त्यांना पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावात तर पंधरा-वीस रुपये असावा.

तीन मागण्या एकत्र: प्रशिक्षण, समाजातून निवड आणि जगता येईल असा पगार. फुल्यांनी त्या वेगळ्या केल्या नाहीत. गावातला माणूस घ्या पण पगार कमी द्या, असं ते म्हणाले नाहीत. पगार द्या पण माणूस कुठलाही चालेल, असंही नाही.

याच निवेदनात आणखी एक गोष्ट आहे, ती वाचून आजचा कुठलाही जिल्हा परिषद शिक्षक हसेल. मास्तरांची मिळकत वाढावी म्हणून त्यांना गावचे हिशेब, टपाल, स्टॅम्पविक्री अशी जोडकामं द्यावीत, असं फुल्यांनी सुचवलं होतं. त्यांचा हेतू मास्तर गावाला उपयोगी पडावा आणि त्याला चार पैसे जास्त मिळावेत हा होता. पुढच्या दीडशे वर्षांत जोडकामं मात्र वाढत गेली, वेगळे चार पैसे त्यांच्यामागून आलेच असं नाही.

सरकारनं शेतकरी वर्गातून मास्तर घडवण्याची ही सूचना तेव्हा मनावर घेतली नाही. शाळा हळूहळू वाढल्या, मराठी सातवी म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल झालेला पोरगा मास्तर किंवा तलाठी होऊ लागला, तपासणीला दिपोटी येऊ लागले. गावातली सर्वात शिकलेली व्यक्ती आता पगारी होती. पण कुठली मुलं त्या सातवीपर्यंत पोचत होती, हा प्रश्न तसाच राहिला.

पुण्यातलं भांडण

याच काळात पुण्यात दुसरा एक प्रयोग चालू होता. त्याची सुरुवात उत्साहाची आणि शेवट कडवटपणाचा.

विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतली नोकरी सोडून आले. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे कॉलेजातून नुकते बाहेर पडलेले दोघे तरुण त्यांना मिळाले. १८८०च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, १८८४मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५मध्ये फर्ग्युसन कॉलेज. या मुलांना सरकारी नोकऱ्या सहज मिळाल्या असत्या. त्यांनी ठरवलं की आपण कमी पगारावर शिकवायचं, वीस वर्षं संस्थेला द्यायची. ‘आजीव सभासद’ ही कल्पना त्यातून आली. भरतीचा प्रश्न त्यांनी असा सोडवला: मास्तर शोधायचे नाहीत, आपणच व्हायचं. आणि शाळेचा मालकही कुणी बाहेरचा नको. जे शिकवतील तेच चालवतील.

ही कल्पना आजही भुरळ घालते. पण दहा वर्षांत ती ताणली गेली. पगार कमी, संसार वाढलेले. काही जण पुस्तकं लिहून पैसे मिळवू लागले, काही इतर कामात गुंतले. टिळकांचं म्हणणं, आजीव सभासदानं आपला सगळा वेळ आणि शक्ती संस्थेला द्यावी, बाहेरची मिळकत करू नये, सगळ्यांना सारखंच मिळावं. आगरकर आणि गोखले यांच्या बाजूचं म्हणणं, शाळेचं काम नीट केल्यावर उरलेल्या वेळात माणूस काय करतो हे संस्थेनं बघू नये. तरुण गोपाळ कृष्ण गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले तेव्हा ठिणगी पडली. सामाजिक सुधारणांवरचा टिळक-आगरकर वाद आधीच पेटलेला होता. १८९०च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला.

आपण हा प्रसंग दोन मोठ्या माणसांचं वैचारिक भांडण म्हणून वाचतो. त्यात एक साधा, शाळा चालवण्यातला प्रश्नही होता. माणसं ध्येयानं आली, त्यांना पुरेसं मिळत नव्हतं, आणि सगळे समान असताना अखेरचा शब्द कुणाचा हे ठरलेलं नव्हतं. ध्येयानं शाळा सुरू होते. चालू ठेवायला पगार आणि नियम लागतात.

या गोष्टीचं शेपूट मात्र गोड आहे. टिळक गेले, गणित शिकवायला माणूस हवा होता. १८९१मध्ये गोखल्यांनी मुंबईत शिकवत असलेल्या धोंडो केशव कर्वे यांना बोलावून घेतलं. कर्वे पुण्यात आले, फर्ग्युसनमध्ये १९१४पर्यंत शिकवत राहिले आणि तिथं राहूनच त्यांनी विधवांच्या शिक्षणाचं काम उभं केलं. एका रिकाम्या जागेवर योग्य माणूस आला की काय होतं, त्याचा महाराष्ट्राला माहीत असलेला हा सर्वात मोठा दाखला असावा.

पण पुण्याच्या या प्रयोगानं एक काम केलं नाही. ही माणसं शहरातली, शिकलेल्या घरांतली होती. खेड्यातल्या शाळेत कोण जाणार, याचं उत्तर त्यांच्याकडं नव्हतं.

साताऱ्याचं उत्तर

ते उत्तर कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी दिलं. १९१९मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४मध्ये ती साताऱ्याला आली. तिथल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही विकलं. हे आपल्याला ठाऊक असतं. कमी ठाऊक असतं ते पुढचं पाऊल.

१९३५ साली भाऊरावांनी साताऱ्यात शिक्षकांचं ट्रेनिंग कॉलेज काढलं. नाव होतं सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज. यातला ‘रूरल’ हा शब्द महत्त्वाचा. शहरात शिकून तयार झालेला मास्तर खेड्यात पाठवायचा आणि तो कधी बदली करून घेतो याची वाट बघायची, हा खेळ त्यांना खेळायचा नव्हता. खेड्यातून आलेला, बोर्डिंगात राहून विहिरीच्या खोदाईत आणि शेतात घाम गाळलेला मुलगा मास्तर करायचा आणि खेड्यातच पाठवायचा. १९३७नंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, शाळा नसलेल्या गावात व्हॉलंटरी शाळा काढायला अनुदानाचा आधार मिळाला. भाऊरावांनी अशा पाचशेहून अधिक शाळा काढल्या. एवढ्या शाळांना मास्तर कुठून आले? ते आधीच तयार होत होते.

फुल्यांनी १८८२मध्ये मागितलेली गोष्ट सरकारनं दिली नाही, ती त्रेपन्न वर्षांनी एका सत्यशोधक विचाराच्या माणसानं स्वतः करून दाखवली. या अध्यापक विद्यालयाला पुढं महात्मा फुल्यांचंच नाव मिळालं.

भाऊरावांचा क्रम बघा. आधी बोर्डिंग, मग ट्रेनिंग कॉलेज, मग शाळा. आपण नेमकं उलट करतो. आधी शाळेची इमारत, मग जागा मंजूर, मग परीक्षा, मग यादी, आणि मग कुणी सांगतं की या गावात यायला कुणी तयार नाही.

हेडमास्तर नावाचा माणूस

मास्तर मिळाला तरी शाळा होत नाही. तिला कुणीतरी चालवावी लागते.

निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्यात माध्यमिक शिक्षण उर्दूत होतं आणि खाजगी शाळांवर सरकारची करडी नजर असायची. हिप्परग्याला १९२१मध्ये एक राष्ट्रीय शाळा निघाली होती. कामगार चळवळीत काम केलेला व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण तिथं शिकवायला आला आणि मुख्याध्यापक झाला. पुढं त्यानं संन्यास घेतला, पण संन्यास घेऊन हिमालयात गेला नाही, शाळेत राहिला. हिप्परग्याला राहणं अवघड झालं तेव्हा १९३५च्या सुमारास तो सहकाऱ्यांसह अंबाजोगाईला गेला आणि तिथली योगेश्वरी शाळा उभी केली. १९३८मध्ये हैदराबाद संस्थानात सत्याग्रह झाला तेव्हा त्याचं नेतृत्व करणारा माणूस हाच, स्वामी रामानंद तीर्थ. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा नेता आधी हेडमास्तर होता, आणि त्याच्या अनेक कार्यकर्त्यांनी चळवळीचे पहिले धडे या शाळांत घेतले.

असे हेडमास्तर महाराष्ट्राच्या बऱ्याच तालुक्यांत होऊन गेले, तुमच्या आजोबांना त्यांची नावं पाठ असतील. त्यांना हेडमास्तर कुणी केलं? कधी संस्थाचालकांनी हेरून, कधी गावानं आग्रह करून. त्यात एक धोकाही होता. जो मर्जीनं नेमतो तो मर्जीनं काढतोही. खाजगी शाळांत शिक्षकाला एका चिठ्ठीवर घरी बसवणं, पगाराच्या रकमेवर सही घेऊन हातात कमी पैसे ठेवणं, या गोष्टी इतक्या सर्रास होत्या की शेवटी कायदा करावा लागला. १९७७चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ची त्याची नियमावली आली. शिक्षकाला संरक्षण मिळालं, दाद मागायला शाळा न्यायाधिकरण मिळालं. आणि मुख्याध्यापक कोण, याचं उत्तरही नियमात आलं: पात्र शिक्षकांमधला जो सेवाज्येष्ठ, तो.

हे उत्तर न्याय्य होतं. संस्थाचालकाच्या भाच्याला खुर्ची मिळण्यापेक्षा सर्वांत जुन्या शिक्षकाला मिळणं केव्हाही बरं. पण त्याची किंमतही मोजावी लागली. पंचवीस-तीस वर्षं उत्तम गणित शिकवणारा माणूस निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना एका सकाळी मुख्याध्यापक होतो. शाळा चालवायचं शिक्षण त्याला त्याआधी कुणी दिलेलं नसतं. माणसं सांभाळणं, पालकांशी बोलणं, नव्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसून त्याला सुधारायला मदत करणं, हे सगळं वयानं येतं असं आपण गृहीत धरलं. ज्येष्ठतेनं अन्याय थांबला. नेतृत्व घडवायचं काम मात्र कुणाच्याच वाट्याला आलं नाही.

प्राथमिक शाळांची गोष्ट आणखी निराळी. १९६२मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावच्या शाळा त्यांच्याकडं गेल्या. वस्ती तिथं शाळा निघाली, ही मोठीच गोष्ट होती. पण लहान शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक कसा मिळणार? २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानंसुद्धा प्राथमिक शाळेत दीडशेच्या वर मुलं असतील तरच वेगळा मुख्याध्यापक सांगितला आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या असंख्य दोनशिक्षकी शाळांत वर्ग शिकवणारेच कुणी तरी ‘प्रभारी’ असतं. सकाळी पोषण आहाराच्या तांदळाची नोंद, मग ऑनलाइन माहिती भरणं, मग केंद्रावर बैठक, मग मतदारयादी. कायद्यानं जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं ठेवली आहेत, पण प्रत्येक पोर्टलला ‘शैक्षणिक’ म्हणता येतंच. त्या दिवशी चार वर्ग उरलेल्या एका शिक्षकाकडं. पूर्वी शाळेच्या कपाटात असलेलं दप्तर आता प्रभारींच्या फोनमध्ये आहे, आणि फोन रात्री दहालाही वाजतो.

सेवक, पट आणि पोर्टल

आता आपल्या पिढीकडं येऊ.

२००० साली राज्यानं शिक्षणसेवक योजना आणली. नवा शिक्षक पहिली तीन वर्षं पूर्ण पगारावर नाही, मानधनावर. सरकारचं कारण तिजोरीचं होतं. बरीच वर्षं हे मानधन प्राथमिकसाठी महिना ६,००० रुपये राहिलं. २०२३पासून ते १६,००० झालं. घरापासून चारशे किलोमीटरवर, खोली भाड्यानं घेऊन, लग्न झालेल्या माणसानं सहा हजारांत महिना काढायचा. फुल्यांनी बारा रुपयांचा हिशेब का मांडला होता, ते अशा वेळी कळतं. डेक्कन सोसायटीतल्या माणसांनी कमी पगार स्वतः निवडला होता. शिक्षणसेवकानं तो निवडलेला नव्हता.

दरम्यान डी.एड. कॉलेजांचं पीक आलं. ‘डी.एड. म्हणजे पोरगी सुटली’ असं घरोघरी बोललं जायचं. हुशार मुलं-मुली डॉक्टर-इंजिनीअर सोडून तिकडं वळली. आणि ऑक्टोबर २०११मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. कागदावर असलेली मुलं वर्गात नव्हती, हे ठिकठिकाणी उघड झालं. खोट्या पटावर शिक्षकांच्या जागा आणि अनुदान घेतलं गेलं होतं. मग काही शिक्षक अतिरिक्त ठरले, त्यांचं समायोजन करायचं म्हणून २०१२मध्ये नवी भरती थांबली. खोटा पट लावणाऱ्यांची चूक, आणि शिक्षा मिळाली विशीतल्या त्या मुलीला, जिनं नुकतंच डी.एड. केलं होतं.

खाजगी शाळेत नोकरीसाठी ‘देणगी’ मागितली जाते, हे ज्याला माहीत नाही असा उमेदवार भेटणार नाही. त्यावर उपाय म्हणून २०१७मध्ये पवित्र पोर्टलची प्रणाली ठरली. एकच परीक्षा, गुण सगळ्यांना दिसतील, पसंतीक्रम द्या, संगणक यादी लावेल. हेतू चांगला आणि गरजेचा. पण चाळणी बसवली की चाळणीलाच भोक पाडणारे येतात. २०१९-२०च्या टी.ई.टी.त गैरव्यवहार झाल्याचं २०२१च्या अखेरीस उघड झालं, परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेतल्या मोठ्या अधिकाऱ्यांनाच अटक झाली आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. ज्यांनी प्रामाणिकपणे अभ्यास केला होता, त्यांच्याकडंही लोक संशयानं बघू लागले.

१ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक निकाल दिला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टी.ई.टी. उत्तीर्ण व्हावं लागेल. वीस-बावीस वर्षं शिकवलेली माणसं आता संध्याकाळी स्वतःच्या मुलांच्या शेजारी बसून प्रश्नसंच सोडवताहेत. यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मला त्यात एक जुनी सवय दिसते. शिक्षक चांगला हवा म्हटलं की आपल्याला परीक्षा सुचते. त्याला घडवणं सुचत नाही.

भरती आणि ओहोटी

मराठीत ‘भरती’ या शब्दाचा दुसरा अर्थ समुद्राशी जोडलेला आहे. समुद्राची भरती दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी येते. कोळी तिच्यावर होडीचा हिशेब बांधतो. शिक्षकांची भरती मात्र कधी पाच वर्षांनी, कधी सहा. तिच्यावर कुणी आयुष्याचा हिशेब कसा बांधायचा? दरवर्षी किती शिक्षक निवृत्त होणार, हे सरकारला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून माहीत असतं, कारण जन्मतारीख सेवापुस्तकात लिहिलेली असते. दरवर्षी तेवढ्या जागा भरणं हे अवघड गणित नाही. शिक्षणहक्क कायद्यानं मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या ठेवायच्या नाहीत असं सांगून ठेवलेलंच आहे.

इतिहासातून तयार उत्तरं मिळत नाहीत. साताऱ्याचं बोर्डिंग आज जसंच्या तसं उभं करता येणार नाही, आणि आजीव सभासदांचा त्याग पगारपत्रकात बसवता येणार नाही. पण मागच्या पावणेदोनशे वर्षांत जे जमलं, त्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. जिथं मास्तर हवा तिथल्या माणसाला हाताशी धरून तयार केलं तेव्हा तो टिकला. त्याला जगण्यापुरतं दिलं नाही तेव्हा संस्था फुटली किंवा माणूस मोडला. आणि शाळेला जीव लावणारा, मोकळा वेळ असलेला एक हेडमास्तर मिळाला तेव्हा तीच शाळा तालुक्याला पुरून उरली.

यातल्या कशाचीही परीक्षा संगणकावर घेता येत नाही. संगणक एवढंच करू शकतो की अपात्र माणूस आत येऊ देणार नाही. तेही थोडं नाही. पण आत आलेल्या माणसाचं पुढं काय होतं, हे पोर्टल बंद झाल्यावर सुरू होतं.

२०२४च्या यादीत नाव आलेली ती तेहतीस वर्षांची मुलगी आता कुठल्या तरी दूरच्या तालुक्यात रुजू झाली असेल. पहिल्या दिवशी एस.टी.तून उतरून ती शाळेत गेली असेल, तेव्हा दुसऱ्या शिक्षकांनी हसून स्वागत केलं असेल आणि दुपारी पोषण आहाराची नोंदवही तिच्यासमोर ठेवली असेल. बाहेर पटांगणात मुलं नव्या बाई कशा आहेत ते खिडकीतून बघत असतील. तेरा वर्षं थांबून ती ज्यांच्यासाठी आली, ती ही मुलं. तिच्याकडं आता तीन वर्षांचं मानधन आहे, दोन वर्ग आहेत आणि पुढंमागं ‘प्रभारी’ होण्याची शक्यता आहे. शाळा चालवायला तिला कुणी शिकवणार आहे का, हे मात्र अजून कुठल्याच यादीत आलेलं नाही.